सिंथेटिक बायोलॉजी शाळेत आणि वाड्यावर कशी सांगायची? गोव्यातल्या विद्यार्थी टीमला मदत हवी

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय बायोलॉजी. आमची टीम यंदा आयजेमची तयारी करतेय. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही सिंथेटिक बायोलॉजीची विद्यार्थ्यांची जागतिक स्पर्धा. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जानेवारीतला एक छोटा कोर्स म्हणून सुरुवात झाली, २००४ ला पाच टीम उतरल्या, आता जगभरातून शेकड्यांनी टीम येतात आणि २०२२ पासून मोठा मेळावा पॅरिसला भरतो. जिवाणूत नाहीतर यीस्टमध्ये डीएनएचे तुकडे ठरवून जोडायचे आणि त्यांच्याकडून एखादं उपयोगाचं काम करून घ्यायचं, असं थोडक्यात.

या स्पर्धेत लॅबमधलं काम एकटं बघत नाहीत. लोकांशी बोललात का, त्यांचं ऐकून प्रकल्प बदलला का, हेही बघतात. आम्हाला चवथीची सुट्टी संपली की डिचोली, सत्तरी, पेडण्यातल्या शाळांत जायचंय, आठवी ते दहावीच्या मुलांपुढे. शिवाय कॉलेजातल्या दुसऱ्या शाखांच्या पोरांनाही सांगायचंय, कारण त्यांना वाटतं आम्ही दिवसभर नुसतं पाण्यात पाणी ओततो.

माझं मत असं की सुरुवात लोकांच्या घरात आधीच असलेल्या गोष्टींपासून करावी, भविष्यात काय काय होईल याच्या गप्पांपासून नको. पण नेमकं काय दाखवावं? मुलं घाबरू नयेत आणि आपण जग वाचवायला निघालोय असंही त्यांना वाटू नये. अनुभव असेल तर सांगा.

उंडो

पहिला प्रश्न माझा. केळ्यातून डीएनए काढायचा प्रयोग असतो ना, त्यात स्पिरिटच्या जागी फेणी चालेल का? सत्तरीत जाताय म्हणून विचारतोय, तिथे स्पिरिट शोधावं लागेल, फेणी नाही.

औषधवाले

ताई, घरातल्या गोष्टींपासून सुरुवात करायची हे अगदी बरोबर. फोंड्यात माझं औषधाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. जुन्या काळी इन्सुलिन डुकराच्या नाहीतर गायी-बैलांच्या स्वादुपिंडातून काढलेलं यायचं. गिऱ्हाईक हळूच विचारायचं, काका हे कशापासून केलंय? शाकाहारी विचारायचे, मुसलमान विचारायचे, आणि आम्ही काय सांगणार, गरज होती म्हणून घ्यायचे. काहींना त्याची ॲलर्जी यायची. मग माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय जिवाणूत घालून बनवलेलं आलं. ते जमलं १९७८ ला आणि अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली १९८२ ला. आपल्याकडे रुळायला वेळ लागला, पण आज वाड्यावर प्रत्येक दुसऱ्या घराच्या फ्रीजमध्ये ती कुपी असते. मुलांना एवढंच विचारा, घरी आजी-आजोबांपैकी कोण इन्सुलिन घेतं? हात वर होतात की नाही बघा.

दुसरं उदाहरण हिपॅटायटिस बी ची लस. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ ला यीस्ट वापरून बनवलेली लस बाजारात आणली आणि बाहेरून येणाऱ्या लशीपेक्षा किंमत कितीतरी खाली आली. आता बाळ जन्मलं की पहिल्याच दिवशी हिपॅटायटिस बी चा डोस देतात. म्हणजे वर्गात बसलेल्या बऱ्याचशा पोरांना यीस्टने बनवलेलं प्रोटीन जन्मतःच मिळालेलं असणार.

मांडवीपार

इन्सुलिन नि लस ही गोड उदाहरणं झाली हो. ती सगळेच सांगतात. वांग्याचं पण सांगणार का?

बीटी वांग्याच्या, म्हणजे कीड लागू नये म्हणून जिवाणूचा जीन घातलेल्या वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. ती स्थगिती लोक बोलले म्हणून आली. माझी मावशी आगशीला वांगी लावते, बी घरचंच, पिढ्यानपिढ्या ठेवलेलं. उद्या तुम्ही शाळेत जाऊन सांगाल की जीन बदलणं किती छान असतं, आणि ती विचारेल, माझ्या बियाण्याचं काय? परागकण वाऱ्याने, माशीने गेले तर कोण जबाबदार? बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागेल का? मी विज्ञानाच्या विरोधात नाही. पण "पब्लिकला समजावणं" याचा अर्थ पब्लिकला पटवणं असा असेल तर मला ते नको.

आणि आर्टेमिसिनिनची गोष्ट सांगणार असाल तर पूर्ण सांगा. मलेरियाचं औषध यीस्टमधून काढलं, कॅलिफोर्नियात जे कीसलिंग यांच्या लॅबने २००६ ला यीस्टकडून आर्टेमिसिनिक ॲसिड, म्हणजे ते औषध करायचा कच्चा माल, बनवून घेतलं, सनोफी या औषध कंपनीने २०१३ ला मोठं उत्पादन सुरू केलं, टाळ्या. पुढे काय झालं? हे औषध मुळात ज्यातून मिळतं त्या शेतात पिकणाऱ्या आर्टेमिसिया झाडातून येणारा माल स्वस्त झाला आणि यीस्टचा माल त्या भावात परवडेना. झाड लावणारे शेतकरी चीन, व्हिएतनाम, आफ्रिकेतले, त्यांचं या सगळ्यात काय होणार हे आधी कोणी त्यांना विचारलं होतं का?

वाळवंटीकाठ

मांडवीपार, आमची भीती नेमकी हीच आहे, बरं झालं तुम्ही उघड लिहिलंत. आर्टेमिसिनिनची गोष्ट अर्धीच सांगायची नाही हे आता पक्कं.

उंडो, फेणीत अल्कोहोल साधारण ४२-४३ टक्के असतं. डीएनए धाग्यांसारखा बाहेर यायला गाळलेल्या रसात मिसळल्यावर सुद्धा अल्कोहोल साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात राहायला हवं. फेणी ओतली की पातळ होऊन आणखी खाली जातं, धागे काही दिसत नाहीत. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल नाहीतर लॅबमधलं इथेनॉल, तेही फ्रीजरमध्ये थंडगार केलेलं.

उंडो

म्हणजे फेणी प्यायलाच. बरं.

पिपेट

मी पूर्वी अशा टीममध्ये होतो, आता पुण्यात पीएचडी करतोय. मांडवीपारच्या प्रश्नाच्या एका भागाला उत्तर देतो, जबाबदारीच्या.

या क्षेत्रातली एक चांगली गोष्ट अशी की भीती आधी शास्त्रज्ञांनाच वाटली. १९७४ ला अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल बर्ग आणि इतरांनी जाहीर सांगितलं की डीएनए जोडायचे काही प्रयोग सध्या थांबवूया, आणि १९७५ ला कॅलिफोर्नियात असिलोमारला बसून नियम ठरवले. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. जीनमध्ये फेरफार करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते, वर अशा प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आरसीजीएम, आणि बाहेर वातावरणात काही सोडायचं असेल तर केंद्राचीच दुसरी समिती, जीईएसी. बीटी वांगं त्याच वाटेने गेलं होतं आणि शेवटी मंत्र्यांच्या टेबलावर थांबलं.

आणि टीमसाठी महत्त्वाचं: फेरफार केलेला जिवाणू लॅबच्या बाहेर न्यायचा नाही. शाळेत नाही, प्रदर्शनात नाही, बंद बाटलीत घालून सुद्धा नाही. आयजेमचा स्वतःचा नियमही तसाच आहे. चमकणाऱ्या जिवाणूंची प्लेट मुलांना दाखवायचा मोह होतो, मला माहीत आहे, पण व्हिडिओ दाखवा. आम्ही लॅबमध्ये वापरतो तो ई. कोलाय के-१२ लॅबमध्ये इतका रुळलाय की माणसाच्या आतड्यात तो सहसा टिकत नाही, पण "टिकत नाही" म्हणून नियम सैल करायचे असं होत नाही. हेच मुलांना सांगा. का नेला नाही, हे सांगितलंत की त्यांना विषयाचं अर्धं गांभीर्य तिथेच कळतं.

आणखी एक. हाताचे ठसे अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, उमटवून जिवाणू वाढवायचा प्रयोग बरेच जण करतात. केलात तर प्लेट टेपने सील करा आणि मुलांना पुन्हा उघडू देऊ नका. हातावर काय होतं कोणाला ठाऊक, आणि अगारवर त्याचं कोटींनी झालेलं असतं. नंतर प्रेशर कुकरमध्ये वीसेक मिनिटं चांगलं शिजवून मगच फेकायचं, आणि तो कुकर परत भाताला वापरायचा नाही.

टीचरबाय_सत्तरी

मी सत्तरीत हायस्कूलला सायन्स शिकवते. थोडं मोठं लिहिते, कारण मनात बरंच दिवस आहे.

आमच्या शाळेत अशा टीम येऊन गेल्यात. कुठल्या कॉलेजच्या ते लिहीत नाही. गाडी येते, टी-शर्ट एकसारखे, प्रोजेक्टर, चाळीसेक स्लाइड. पोरं मागून बघतात. मग मुलांच्या हातात बॅनर देतात, फोटो, आणि गाडी गेली. नंतर त्यांच्या पेजवर आम्ही "जनजागृती" म्हणून दिसतो. कोणी परत फोन करून विचारलं नाही की टीचर, मुलांना काय कळलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलेला एक प्रश्न मला अजून आठवतो, "हा जिवाणू नदीत पडला तर मासे मरतील काय?" उत्तर मिळालं, "नाही, काळजी करू नको." काळजी करू नको हे काय उत्तर झालं? तिचा बाबा म्हादईत मासे धरतो. तिला काळजी करायचा हक्क आहे.

आता काय करावं ते सांगते, वाळवंटीकाठ, कारण तू विचारलंयस मनापासून.

आमची मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीपासून पुस्तक इंग्रजी. त्यामुळे सेल, जीन, प्रोटीन हे शब्द त्यांना पाठ असतात. पण ते नेमकं काय करतं हे मराठीत किंवा कोंकणीत कोणी बोललेलंच नसतं. तुम्ही शब्द तेच ठेवा आणि बाकी सगळं घरच्या भाषेत बोला, मग बघा प्रश्न कसे येतात.

डीएनए काढायचा प्रयोग करा, पण तुम्ही करून दाखवू नका. चार-चार मुलांना एक पेला द्या. पिकलेलं केळं कुस्करायचं, थोडं पाणी, चमचाभर मीठ, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, आणि ढवळायचं हळू, फेस आणायचा नाही. साबणाने पेशीचं चरबीचं आवरण फुटतं. सुती फडक्यातून गाळायचं, पिळायचं नाही, नाहीतर गाळ खाली येतो. मग चमचाभर अननसाचा ताजा रस, त्यातलं एन्झाइम प्रोटीन तोडतं. डब्यातला नको, तो उकळलेला असतो, एन्झाइम मेलेलं असतं. मग थंड स्पिरिट पेल्याच्या कडेने इतकं हळू सोडायचं की दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. त्या सांध्यावर पांढरे ढगाळ धागे वर चढायला लागतात. आमच्याकडे त्या क्षणाला अख्खा वर्ग उठून उभा राहतो, दरवर्षी. आणि मुलांना खरं सांगा की यात डीएनए आहे, पण पेक्टिन आणि प्रोटीन पण चिकटलेलं आहे, शुद्ध नाही. स्पिरिट आहे म्हणून जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या.

आणि कृपा करून एकदाच येऊ नका. दोनदा या. दुसऱ्यांदा याल तेव्हा काही आणू नका, नुसते बसा आणि मुलांना बोलू द्या.

मांडवीपार

टीचर, शंभर टक्के. "काळजी करू नको" या तीन शब्दांनी जेवढं नुकसान झालंय तेवढं कुठल्या जिवाणूने केलं नसेल.

काणकोणकार

मी मेकॅनिकलचा. आमच्यासारख्यांना पण सांगणार म्हणालीस. खरं सांगतो, आम्हाला बायोलॉजी म्हटलं की बारावीतली पाठांतरं आठवतात. पण कोणी मला म्हणालं की हा इनपुट, हा आउटपुट, मधे असं असं सर्किट, तर मी ऐकेन.

पिपेट

काणकोणकार, मग तुला या विषयाची मूळ कल्पनाच आवडेल. एमआयटीवाल्यांनी सुरुवातीपासून तेच धरलं, की डीएनएचे तुकडे प्रमाणित असावेत, एकाने बनवलेला दुसऱ्याला तसाच जोडता यावा, त्याची एक सार्वजनिक नोंदवही असावी. प्रमोटर म्हणजे कधी चालू व्हायचं, मग आरबीएस म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेने कुठे धरायचं, मग प्रत्यक्ष जीन, मग टर्मिनेटर. २००६ ला एडिनबराच्या विद्यार्थ्यांनी पाण्यात आर्सेनिक असलं की आम्लता बदलेल असा जिवाणू बनवला, इंडिकेटरचा रंग बघून कळावं म्हणून. इनपुट आर्सेनिक, आउटपुट रंग. २००९ ला केंब्रिजच्या टीमने वेगवेगळे रंग देणारे जिवाणू केले, ई. क्रोमाय, आणि तेच त्या वर्षी पहिले आले. त्यांच्याबरोबर डिझायनर काम करत होते, बायोलॉजीच्या बाहेरचे. मॉडेलिंग, हार्डवेअर, वेबसाइट, सगळ्याला माणसं लागतात. पण खरं हेही सांग तुझ्या मित्रांना, वाळवंटीकाठ, की पेशी इलेक्ट्रॉनिक सर्किटसारखी आज्ञाधारक नसते. तेच तुकडे दुसऱ्या जातीच्या जिवाणूत घातले तर वेगळं वागतात, आणि पेशीला ते ओझं झालं तर काही पिढ्यांत ती तो भाग टाकूनही देते. इंजिनिअरला तिथे खरी मजा आहे.

मानशीवरचा

मी चोडणचा, खाजन आहे आमचं थोडं, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली शेती. हे सगळं वाचत होतो. प्रमोटर का काय ते म्हणालात ते मला असं कळलं, चूक असेल तर सांगा. खाजनाच्या बांधात मानस असते, लाकडी दार. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून ढकलतं आणि दार बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं आणि उघडतं. कोणी माणूस उभा नसतो तिथे. पाणीच सांगतं कधी उघडायचं. तुमच्या जिवाणूत पण आर्सेनिकच दार उघडतं, बरोबर?

पिपेट

काका, अगदी बरोबर. एडिनबराच्या प्रकल्पात नेमकं तेच. आर्सेनिक नसताना एक प्रोटीन प्रमोटरवर बसून वाट अडवतं, आर्सेनिक त्याला चिकटलं की ते सुटतं आणि पुढचा जीन चालू होतो. मी इतक्या वर्षांत याहून चांगलं ऐकलं नाही.

वाळवंटीकाठ

काका, हे मी चोरू का? तुमचं नाव सांगून. डिचोली-बार्देशच्या मुलांना मानस लगेच कळेल.

मानशीवरचा

नाव कशाला, चोडणच्या माणसाने सांगितलं म्हण. पण मग त्यांना दुसरी गोष्ट पण सांग. मानशीची देखभाल सोडली, बांध फुटला, की खारं पाणी आत येतं आणि शेत वर्षानुवर्षं पडीक. कोरगुट भात थोडं मीठ सोसतो, पण नदीच आत शिरली तर तो तरी काय करणार. दार बांधणं एक आणि पिढ्यानपिढ्या बघणं दुसरं. तुमच्या जिवाणूच्या दाराकडे नंतर कोण बघणार, हे पोरांनी विचारलं पाहिजे.

दुसरं, चमकण्याबद्दल. रात्री खाऱ्या पाण्यात वल्हं मारलं की कधीकधी पाणी निळं चमकतं, आम्ही लहानपणापासून बघतोय. ते पण जीनमुळेच का?

पिपेट

हो, ते सूक्ष्मजीव, नॉक्टिल्यूका आणि त्याचे भाईबंद. पाणी हललं की त्यांच्या आत रासायनिक क्रिया होऊन उजेड पडतो. लॅबमध्ये जास्त वापरतात ते जीएफपी वेगळं, ते जेलीफिशचं प्रोटीन, ते स्वतः उजेड करत नाही, निळा किंवा अल्ट्राव्हायोलेट उजेड पडला की हिरवं दिसतं. जपानी शास्त्रज्ञ शिमोमुरांनी १९६२ ला ते वेगळं काढलं, २००८ ला तिघांना मिळून नोबेल.

शाळेत हा फरक दाखवायला जिवाणू लागतच नाही. टॉनिक वॉटरची बाटली न्या, नोटा तपासायची यूव्ही टॉर्च न्या, खोली काळोखी करा. त्यातल्या क्विनाइनमुळे बाटली निळी झळकते. साधा सोडा शेजारी ठेवा, तो झळकत नाही. टॉर्च डोळ्यांवर मारायची नाही हे आधी सांगा.

औषधवाले

क्विनाइन! सिंकोनाच्या सालीतलं, मलेरियावर तेच होतं पूर्वी. म्हणजे बघा ताई, एका बाटलीतून मलेरिया आला, तिथून आर्टेमिसिनिन, तिथून मांडवीपारचा शेतकऱ्यांचा प्रश्न. नव्वदच्या दशकात गोव्यात बांधकामांच्या आसपास मलेरिया किती होता ते आम्ही औषधवाल्यांनी बघितलंय. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ ला नोबेल मिळालं ते त्याच झाडातल्या औषधासाठी. हा एक तास नीट होईल बघा.

उंडो

टॉनिक वॉटर गोव्यात कुठेही मिळेल. यात माझी जबाबदारी मी घेतो.

मांडवीपार

मी थोडा नरम झालोय, सांगून टाकतो. पण एक अट. मुलांपुढे दोन्ही बाजू ठेवून त्यांना ठरवू द्या. जनसुनावणीसारखा खेळ करा वर्गात. एक गट शेतकरी, एक गट रुग्ण, एक गट कंपनी, एक गट जैवविविधता मंडळ. प्रश्न समजा हा, की खाजनातलं मीठ ओळखणारा जिवाणू कोणी बनवला, तो शेतात सोडायला परवानगी द्यावी का? आणि निकाल "नको" आला तर टीमने तो तसाच लिहून न्यायचा पॅरिसला.

वाळवंटीकाठ

मान्य. आणि "नको" आला तर का आला ते मुलांच्याच शब्दांत. परीक्षकांपुढे फोटोपेक्षा ते ठेवायला मला जास्त आवडेल.

तर आता असं ठरवतोय. पहिल्या भेटीत केळ्याचा प्रयोग आणि टॉनिक वॉटर, स्लाइड एकही नाही. मग तुकड्यांची पत्त्यांसारखी कार्ड, प्रमोटर-आरबीएस-जीन-टर्मिनेटर, क्रम चुकला तर काय होतं ते मुलांनी शोधायचं, सोबत मानशीचं चित्र. कार्ड शाळेतच ठेवून यायची, टीचरना वापरता येतील अशी. दुसऱ्या भेटीत सुनावणी. आणि नदीत पडला तर मासे मरतील काय, या प्रश्नापासूनच सुरुवात करायची, उत्तर पूर्ण द्यायचं: काय माहीत आहे, कशामुळे धोका कमी असतो, आणि धोका शून्य आहे असं का म्हणता येत नाही. कॉलेजात हेच २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, इंजिनिअरिंगवाल्यांना धरून.

टीचर, तुमच्या शाळेत पहिली भेट चालेल का?

टीचरबाय_सत्तरी

चालेल काय, येच. सहामाही परीक्षा चुकवून ये, आणि शनिवार नको, मुलांचा अर्धा दिवस असतो, बस लवकर सुटते. आठवीचे दोन वर्ग आहेत, एकत्र करू नको, वेगवेगळे घे. पेले आणि फडकी आमच्याकडे आहेत, केळी मुलं घरून आणतील, स्पिरिट आणि टॉर्च तुम्ही आणा. त्या मासेवाल्या मुलीला मी सांगून ठेवते, ती आता दहावीत आहे. तिच्या बाबांना पण बोलावते सुनावणीला.

काणकोणकार

मला घ्या टीममध्ये. कार्ड डिझाइन करतो, लेझर कटर आहे आमच्या वर्कशॉपमध्ये, लाकडात कापू, पावसात भिजणार नाहीत.

वाळवंटीकाठ

काणकोणकार, घेतलं. रविवारी भेट. मानशीचं दार खरंच उघड-बंद होईल असं कापता येईल का बघ, बिजागरीसकट. मापं चोडणच्या काकांना विचार.